तंबूतून आलेली हाक

आमच्या तळावर मामा सगळ्यांच्या आधी उठतो आणि चूल पेटवायच्या आधी पाणी वाटतो. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पत्र्याचा मग. पाहुण्यांच्या तंबूंपुढे तोंड धुवायला पाणी ठेवायची रीत नदीकाठच्या सगळ्याच तळांवर आहे. मामा मात्र नोकरांच्या तंबूंपुढेही थांबतो. आतल्या माणसाला नावानं हाक मारतो आणि तो उठून मग रिकामा करीपर्यंत तिथून हलत नाही.

नवीन आलेली माणसं कुरकुरतात. "म्हातारा झोपू देत नाही," म्हणतात. "मला तहान नाही," म्हणतात.

"नसू दे," मामा म्हणतो. "पी."

एवढंच. पुढं तो बोलत नाही. त्या दिवशी तळावर आम्ही तिघं होतो. त्यातला एक गेला, मामा सांगणार नाही, म्हणजे सांगणारा मीच उरलो.

माझ्या मामाचं नाव तावेंग्वा. आईचा धाकटा भाऊ. झांबेझी नदीच्या काठी सिंह पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या तळावर तो तीस वर्षं स्वयंपाकी आहे. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत पिठाचा गोळा ठेवून, खाली-वर निखारे घालून तो पाव भाजतो. त्या पावाचा वास वाऱ्यावर निघाला की नदीतले पाणघोडे सुद्धा वळून बघतात, असं मी पाहुण्यांना सांगतो आणि ते ऐकून मामा खूश होतो. आमच्या आईचं कूळ सिंहाचं. कुळाच्या जनावराला मारायचं नाही आणि त्याचं मांस तोंडाला लावायचं नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाला नावाऐवजी कुळानं हाक मारतात, म्हणून सगळा तळ मामाला 'सिंहा' म्हणतो.

आणि कासेके होता हत्तीच्या कुळाचा. तो तळाचा पाणक्या. खांद्यावर दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन बादल्या, डोक्यावर ऐन उन्हाळ्यातही लाल लोकरीची टोपी, आणि डावा पाय जरासा ओढत चालणं. नदीपासून वर, वरून नदीपर्यंत, दिवसातून तीस खेपा. आम्ही जे पाणी प्यायलो, ज्यानं अंघोळी केल्या, ज्यात साझा, म्हणजे आमची मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजला, ते सगळं त्याच्या खांद्यावरून आलं.

तो मामाचा साह्विरा होता. साह्विरा म्हणजे मित्र म्हणावं तर तसा मित्र नव्हे, आणि नातेवाईक म्हणावं तर रक्ताचा संबंध नाही. कधीतरी एका मोठ्या दुष्काळात मामाच्या आज्यानं कासेकेच्या आज्याला एकट्यानं पुरलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांची साह्विरा. एका घरात माणूस मेलं की दुसऱ्या घरानं खड्डा खणायचा, प्रेत धुवायचं, आणि मातीच्या वेळी गेलेल्या माणसाची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवायचं. हा हक्क आहे आणि कामही आहे. जिवंतपणी साह्विऱ्यानं साह्विऱ्याशी सरळ बोलायचं नसतं. थट्टा करायची, टोमणे मारायचे, पानातली बोटी उचलून खायची, आणि समोरच्यानं रागवायचं नाही.

म्हणून दोघंही एकमेकांची नक्कल आयुष्यभर घोटत आले होते. कुणाची पाळी आधी येणार हे कुणाला माहीत असतं? मामा कासेकेचा आवाज असा काढायचा की आमचे वाटाडे, चिरिसा साहेब, दोनदा फसले होते. एकदा त्यांनी अंधारातून आलेल्या आवाजाला अंघोळीचं पाणी मागितलं आणि मामानं कासेकेच्या आवाजात त्यांनाच बादली आणायला सांगितली.

"मी मेलो की तुझी मजा आहे, सिंहा," कासेके म्हणायचा. "सगळं गाव तुझ्यासाठी बसलेलं असेल."

"तू मर तर आधी. तीस वर्षं नुसतं सांगतोयस."

'मरतोय मी' हे तर त्या दोघांचं रोजचं होतं. ऊन लागलं तरी मरतोय, साझ्यात मीठ कमी पडलं तरी मरतोय.

ऑक्टोबरचा शेवट होता. त्या दिवसांत आमच्या खोऱ्यात पान सुद्धा हलत नाही. दरडीतल्या भोकांत लाल पाखरं घरटी करतात आणि तीही चोच उघडी टाकून बसतात. चिरिसा साहेब पाहुण्यांना होड्यांत घालून आदल्या दिवशी खालच्या अंगाला गेले होते. बंदूक त्यांच्याबरोबर होती, रेडिओही त्यांच्याबरोबर. ते दुसऱ्या दिवशी यायचे होते. लॉरी घाटावर डिझेल आणि पीठ आणायला गेली होती, ती दुपार व्हायच्या आत यायची होती. तळावर मामा, कासेके आणि मी, तंबू ठोकणारा.

कासेकेला तीन दिवस ताप होता. तापाच्या गोळ्या स्वयंपाकाच्या पेटीत होत्या. मामानं त्या दोनदा दिल्या होत्या. दोन्ही वेळा कासेके म्हणाला की या गोळ्यांपेक्षा तुझा पाव कडू लागतो. आदल्या संध्याकाळी तो न जेवता तंबूत गेला. "सिंहाच्या हातचं खाण्यापेक्षा उपास बरा," असं म्हणून गेला, आणि आम्ही हसलो.

नोकरांचे तंबू मोठ्या चिंचेखाली होते. स्वयंपाकाची जागा नदीच्या काठाशी, काटेरी झाडाच्या सावलीत. मध्ये ऐंशी-नव्वद पावलांचं मोकळं रान, गवत सुद्धा नसलेलं. पहाटे मी आणि मामा तंबूतून निघून चुलीशी आलो. मामानं राख उकरून निखारा काढला. मग हाक आली.

"सिंहा! ए सिंहा! मरतोय मी. पाणी आण."

मामानं फुंकणी बाजूला केली आणि ओरडला, "हत्तीला मरायला दोन दिवस लागतात. चहा होईपर्यंत दम धर!"

"जीभ टाळ्याला चिकटलीय रे."

"बरं झालं. बडबड कमी होईल. या तळावर पाणी आणायचं काम कुणाचं आहे? ऊठ, आणि येताना माझ्यासाठीही दोन बादल्या आण!"

मी हसलो. ते मी लपवत नाही. पाणक्यानं पाणी मागावं, आणि तेही अंथरुणातून! मला वाटलं, आजचा दिवस मजेचा जाणार.

चहाचं आधण ठेवायला मी नदीवर गेलो आणि बादली भरून वर येतोय तोच जमीन हलली. रानरेड्यांचा कळप पाण्यावर येत होता तो एकदम फुटला. धूळ अशी उठली की चिंच दिसेना. धुळीत आधी टापा ऐकू आल्या, मग एक हंबरडा. तो हंबरडा खूप वेळ चालला. रेड्याला मरायला वेळ लागतो. धूळ खाली बसली तेव्हा मोकळ्या रानात, कासेकेच्या तंबूपासून पंधरा पावलांवर, रेडा पडला होता आणि त्याच्यावर अकरा सिंह होते. चार मोठ्या माद्या, एक काळ्या आयाळीचा नर, बाकी लहान-मोठी पिल्लं.

आम्ही तसे घाबरलो नाही. सिंह आमच्याकडे रोजचे आहेत. तंबूची चेन वरपर्यंत ओढलेली असली की सिंह कापड फाडून आत येत नाही, तंबू त्याला दगडासारखा वाटतो. पण शिकारीवर बसलेला सिंह वेगळा. त्याच्याजवळ जायचं नाही. आणि रेडा म्हणजे दोन दिवसांचं जेवण.

"हत्ती!" मामानं हाक दिली. "चेन लावलीय ना?"

"लावलीय," आतून आवाज आला. "तुझे भाऊबंद आलेत सिंहा. न सांगता आलेत. ताटं मांड."

"हत्तीचं मटण मिळालं नाही म्हणून बिचारे रेड्यावर भागवतायत!"

"त्यांना सांग, माझ्या दोरीवरनं उठा. एकजण दोरीवर मान टाकून पडलाय. त्याच्या श्वासाबरोबर तंबू हलतोय माझा."

खरंच तसं होतं. ऊन चढू लागलं तसे पोट भरलेले सिंह एकेक करून चिंचेच्या सावलीत आले. तंबूच्या कापडाला पाठ लावून एक मादी झोपली. बाकीचे रेड्यापाशी. चिंचेखाली माणसाला जायला वाट उरली नाही.

मामा हसत होता. पीठ मळत होता. मग एकदम त्यानं विचारलं, आणि आवाज जरा वेगळा होता, "हत्ती, आत पाणी किती आहे तुझ्याजवळ?"



"थेंब नाही. काल संध्याकाळपासून नाही. सकाळी सांगितलं ना."

मामाचे हात पिठात तसेच राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. सकाळी तंबूपर्यंत वाट मोकळी होती. ऐंशी पावलं. एक मग पाणी.

"गोळ्या?" मामानं हाक मारली.

"गोळ्या तुझ्या पेटीत. मी इथं."

मामानं पिठाचे हात धोतरासारख्या गुंडाळलेल्या फडक्याला पुसले. गोळ्या काढून कापडात बांधल्या, पाण्याची बाटली भरली, आणि तो सरळ चिंचेकडे निघाला. मी मागून दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला.

दोन्ही तळहात पोकळ करून तो टाळ्या वाजवत चालला. मोठ्यांपुढे जाताना आम्ही तशा टाळ्या वाजवतो, सावकाश, खाली वाकून. "मी आहे," तो म्हणत होता. "तुमच्यातलाच आहे. तुमच्या घासाला आलो नाही. आजारी माणूस आहे तिथं, त्याला पाणी द्यायचंय, बाजूला व्हा." निम्म्या वाटेवर तो गुडघ्यावर बसला आणि तेच परत म्हणाला.

रेड्यापाशी बसलेली एक मादी उठली. तिची पिल्लं तिच्यामागे होती. शेपूट दोनदा वर गेलं आणि ती सुटली. एवढं मोठं अंग, पण येताना पायांचा आवाज नव्हता, फक्त घशातला. मामा उठून उभा राहिला. पळाला असता तर तिथंच संपला असता. ती दहा पावलांवर थांबली तेव्हा तिच्या पंजांनी उडालेली वाळू त्याच्या नडग्यांवर आपटली. तो तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे येत राहिला. चुलीपर्यंत यायला त्याला किती वेळ लागला कोण जाणे. आल्यावर खाली बसला.

"काय झालं रे?" तंबूतून विचारणा झाली. "भावांनी ओळखलं नाही का?"

"ओळखलं," मामा ओरडला. "म्हणाले, हत्तीला अजून थोडा वाळू दे."

आतून हसू आलं. हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मग आम्ही जे जे सुचलं ते केलं. पातेली बडवली. सिंहांनी कान हलवले. जळती लाकडं घेऊन दोघं मिळून पुढं गेलो. नर उठून उभा राहिला आणि आम्ही मागे आलो. चिंचेमागचं गवत पेटवलं असतं, पण वारा नव्हता, आणि पेटलं असतं तर आधी तंबू पेटला असता. मी झाडावर चढून होड्या दिसतात का पाहिलं. नदी पसरलेली होती, पलीकडचे डोंगर धुरात असल्यासारखे, आणि पाण्यावर कुणी नव्हतं. वनखात्याची चौकी चालत गेलं तर दुसऱ्या दिवशी आली असती.

"लॉरी येईल," मी म्हणालो. "लॉरी घेऊन तंबूच्या दारात उभी करू."

"येईल," मामा म्हणाला.

मी प्लास्टिकची बाटली भरून फेकायचं ठरवलं. पन्नास पावलांपर्यंत सरपटत गेलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. बाटली तंबूच्या अलीकडे पडली, आत पाणी हललेलं दिसलं. एक पिल्लू उठून आलं, त्यानं ती पंजानं ढकलली, मग तोंडात धरली. दुसरं पिल्लू आलं. दोघांत खेचाखेच झाली. बाटली फुटली आणि पाणी वाळूत गेलं. पिल्लांनी ओली वाळू हुंगली.

"काय पडलं?" आतून आवाज.

मामा म्हणाला, "चिंच पडली. आंबट आहे. तुझ्यासारखी."

सूर्य डोक्यावर आला. लॉरी आली नाही. मागाहून कळलं की कोरड्या नाल्याच्या वाळूत तिच्या चाकावरचा पाटा मोडला होता आणि ड्रायव्हर तिच्याखाली झोपून दोरखंडानं तो बांधत होता. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही प्रत्येक आवाजाला मान वर करत होतो. माशा घोंगावल्या तरी ती लॉरी वाटायची.

मामा त्याला बोलतं ठेवत होता. दुसरं काही हातात नव्हतं. "हत्ती, तुझ्या बायकोनं तुला काय बघून पसंत केलं?" "हत्ती, तुझी लाल टोपी मेल्यावर मला देणार ना?" आधी उत्तर लगेच यायचं. मग मी मनात दहा आकडे मोजायचो तेव्हा यायचं. मग तीस. टोपीचं उत्तर यायला पन्नास मोजावे लागले.

"टोपी... उवांची आहे. तुला... शोभेल."

मामानं डोळे मिटले. "चालेल! उवा धरून चालेल!"

त्यानंतर त्यानं दोन हाका मारल्या. एकीला नुसता खोकला आला. दुसरीला काहीच नाही. मी शंभरपर्यंत मोजलं, परत शंभर मोजलं. चिंचेखाली एका मादीनं कूस बदलली. आमच्या पाठीशी एक अख्खी नदी वाहत होती, आणि समोर एक माणूस तहानेनं चालला होता.

मामा उठला. चामड्याची पिशवी भरून गळ्यात बांधली, पत्र्याचा मग आणि गोळ्या कमरेला, भाज्या चिरायची सुरी दातात. मग सुरी काढून म्हणाला, "दरडीखालून पाण्यातून जातो. चिंचेमागं घळ आहे, तिथून वर निघतो. तंबू मागनं फाडतो."

"पाण्यात मगरी आहेत मामा. मी जातो. तुझं वय झालंय."

"तू काय म्हणून जाणार? त्याला पुरायचा हक्क माझा. पाणी द्यायचाही माझाच." आणि मग, "तू ट्रंक बडव. त्यांचे डोळे तुझ्याकडं राहू देत. आणि भाच्या, मी हाक मारल्याशिवाय इथून हलायचं नाही."

मी पावाची ट्रंक लोखंडी सळीनं बडवत राहिलो. पत्र्याला पोचे पडले. मादी दोनदा माझ्यावर चालून आल्यासारखी करून परत गेली. मला मामा दिसत नव्हता, फक्त तंबूचं कापड दिसत होतं. किती वेळानं ते हललं. दोरीवर मान टाकलेला सिंह उठून बसला आणि तंबूकडे पाहू लागला. मी ओरडलो, शिव्या दिल्या, ट्रंक बडवली. त्यानं जांभई दिली आणि परत मान टाकली.

मग मामाचा आवाज. "हत्ती. ऊठ."

आणि थोड्या वेळानं, खरखरीत, वाळलेला, पण त्याचाच, "एवढा वेळ? विहीर खणत होतास काय?"

मी सळी टाकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

सबंध दुपार ती दोघं तंबूत बोलत होती. त्यांचे शब्द सगळे कळत नव्हते, पण आवाज दोन होते. मामा टोमणा मारायचा, कासेके परतवायचा. टोपीवरून भांडण झालं. कासेके म्हणाला, या पाण्याला तुझ्या पायाचा वास येतो. मामा म्हणाला, मग परत दे. मला एवढा हुरूप आला की मी चूल परत पेटवली. साझा शिजवला, सुकी मासळी टोमॅटोत परतली, आणि तीन ताटं काढून झाकून ठेवली. कासेकेच्या ताटात मासळी जास्त घातली.

"मामा! त्याला विचार, भूक आहे का!"

"आहे!" कासेकेचा आवाज आला. "पण तुझ्या मामानं शिजवलं असेल तर नको!"

"मी शिजवलंय!"

"मग ठेव!"

सूर्य डोंगराआड जायला आला तेव्हा लॉरी आली. ड्रायव्हरनं मला पायफळीवर घेतलं, भोंगा दाबून धरला आणि गाडी थेट रेड्यावर घातली. सिंह उठले, तोंडं वळवली आणि रागावल्यासारखे सावकाश घळीकडे गेले. मी पायफळीवरून उडी मारली आणि तंबूची चेन खाली ओढली.

मामा मांडी घालून बसला होता. कासेकेचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, लाल टोपीसकट. पत्र्याचा मग शेजारी, जवळजवळ भरलेला. मी कासेकेच्या पायाला हात लावला. पाय ताठ झाला होता. तो आत्ता गेलेला नव्हता, जाऊन बराच वेळ झाला होता.

"केव्हा?" मी विचारलं.

"दोन घोट घेतले. 'विहीर खणत होतास काय' म्हणाला. तेवढं त्याचं." मामाचा घसा बसला होता. "पुढचं सगळं माझं."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"आवाज बंद पडला असता तर तू धावत आला असतास," मामा म्हणाला. "त्यांच्यामधनं."

आम्ही कासेकेला लॉरीत घातलं. तीन ताटं तशीच झाकलेली राहिली.

गाव घाटावर आहे. दुसऱ्या दिवशी खड्डा मामानं खणला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. त्यानंच प्रेत धुतलं, खूप पाणी घालून, पुन्हा पुन्हा. बायका म्हणाल्या, पुरे आता, तरी त्यानं आणखी दोन घागरी मागवल्या. कासेकेच्या बायकोनं, मुचानेतानं, त्याला विचारलं, "शेवटी काय म्हणाले?"

"थट्टा केली," मामा म्हणाला.

तिचं तोंड उजळलं. "त्यांना दुसरं येतंय काय!" असं म्हणून तिनं डोळ्याला कापडाचं टोक लावलं.

सकाळची हाक काय होती आणि तिला उत्तर काय गेलं, ते आम्ही कुणाला सांगितलं नाही.

दुपारी सगळं गाव खड्ड्याभोवती बसलं. नाचणीच्या दारूचे घडे आले. रडणं चाललं होतं, आणि रडता रडता लोक मामाकडे पाहत होते. आता त्याची वेळ होती. साह्विरा उठला नाही तर मेलेल्याचा अपमान होतो. मामा उठला.

लाल टोपी डोक्यात, खांद्यावर दांडा, दांड्याला दोन रिकाम्या बादल्या. डावा पाय ओढत तो घराच्या कोपऱ्यावरून निघाला आणि पहिल्याच पावलाला हशा झाला. तो कासेकेच होता. तो पाठ खाजवायला थांबला, नसलेलं पाणी सांडलं म्हणून स्वतःला शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्याच्या हातातला घडा ओढून घेऊन प्यायला आणि तोंड वाकडं केलं. पोरं लोळायला लागली. मुचानेता रडत होती आणि हसत होती.

मग मामा खड्ड्याच्या काठावर आला. बादल्या खाली ठेवल्या. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कासेकेच्या आवाजात, अगदी त्या पहाटेच्या आवाजात, ओरडला, "सिंहा! ए सिंहा! मरतोय मी. पाणी आण!"

एवढा मोठा हशा त्या दिवसात झाला नव्हता. पाणक्या पाणी मागतोय! माणसं मांड्यांवर थापा मारायला लागली.

मामा थांबला. हात तोंडाशी तसेच. तो उत्तराची वाट पाहत होता. लोकांना वाटलं, यातही काही गंमत आहे, म्हणून ते हसत राहिले. त्यानं परत हाक मारली. "पाणी आण!" आवाज चिरकला. हशा जरा कमी झाला. माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

मी उठलो. घरात गेलो, डेऱ्यातून पत्र्याचा मग भरला आणि गर्दीतून वाट काढत आलो. त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी मग वर धरला. लोक पुन्हा हसले. भाचाही सामील आहे म्हणाले.

मामानं मग घेतला. प्यायला नाही. साह्विऱ्यानं प्रेताआधी खड्ड्यात उतरून, स्वतः झोपून जागा पाहायची असते. तो उतरला, झोपला, बराच वेळ झोपून राहिला. मग उठून त्यानं मग उशाकडच्या कोपऱ्यात, माती दाबून, सांडणार नाही असा ठेवला आणि वर यायला माझ्याकडे हात केला.